दोन गुऱ्हाळांमधलं अंतर

"सायेब, तुमी आज आला नसतासा, तर काय बिघडलं असतं?"

चाचा हा प्रश्न विचारायचे तेव्हा समोरच्या सरकारी माणसाच्या हातात रसाचा तांब्या असायचा आणि तोंड भरलेलं असायचं. ही वेळ ते मुद्दाम निवडत असावेत. बाजेवर पडलेली चिपाडं स्वतःच्या टॉवेलनं झटकायची, साहेबांना बसवायचं, आलं-लिंबू पिळलेला ताजा रस द्यायचा आणि पहिला मोठा घोट गेला की हा प्रश्न. आवाजात चेष्टा नसायची, रागही नसायचा. डॉक्टर पेशंटला "झोप लागते का?" असं विचारतो, त्या काळजीनं विचारायचे.

साहेब लोकांची मोठी पंचाईत व्हायची. काही जण हसून घालवायचे. काही जण कायद्याचं नाव सांगायचे. एक तरुण निरीक्षक मात्र खरंच विचारात पडला होता. तांब्या खाली ठेवून म्हणाला, "काही बिघडलं नसतं, चाचा. पण मला आजच्या तारखेला कुठंतरी गेल्याचं दाखवावं लागतं." चाचांनी त्याला आणखी एक तांब्या रस दिला. "खरं बोलला. ह्यो मानूस नोकरीत टिकायचा न्हाई," असं तो गेल्यावर म्हणाले.

तुमच्याही आसपास अशी माणसं असतील. आपण त्यांना तिरसट म्हणून सोडून देतो. मीही कदाचित दिलं असतं, पण आमच्या इस्लामपूरच्या घरात भिंतींपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील चळवळीतले. कांद्याची निर्यातबंदी, उसाची झोनबंदी, परवाने, लेव्ही हे शब्द मी पाढ्यांच्या आधी शिकले. सरकारनं शेतकऱ्याच्या वाटेतून बाजूला व्हावं, असं लिहिलेल्या कागदांवर मी लहानपणी चित्रं काढली आणि मोठी झाल्यावर तसेच कागद स्वतः लिहू लागले. चाचा हे वडिलांचे मित्र. शिराळ्याच्या वाटेवर त्यांचं गुऱ्हाळ. माझी पत्रकं मी छापण्याआधी त्यांना वाचून दाखवायची.

ते काहिलीकडे बघत ऐकायचे. उसाचा रस आटून त्याचा गूळ होईपर्यंत त्या अवाढव्य कढईवरून त्यांची नजर हलायची नाही. मी आवेशात वाचत असायची आणि ते मध्येच म्हणायचे, "थांब. 'स्वातंत्र्य' किती वेळा आलं गं?"

"पाच-सहा वेळा असेल."

"चुना लय झाला की गूळ काळा पडतो, पोरी. दोन काढ."

मी चिडायची. दोन काढायची.

त्यांचं स्वतःचं राजकीय तत्त्वज्ञान तीन शब्दांत मावायचं. "रस्ता, कोर्ट नि पुरात होडी. एवढं सरकार लय झालं." आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. वारणेला मोठा पूर आला तेव्हा जवानांची होडी त्यांच्या दारात लागली. चाचांनी आधी चाचींना बसवलं, मग शेळ्या बसवायला बघितल्या, त्यावरून जवानांशी वाद घातला, हरले आणि होडीत बसल्यावर त्या जवानांना कडक सलाम ठोकला. छावणीत मिळालेले धान्याचे पुडे त्यांनी घेतले. मी खोचकपणे म्हटलं, "चाचा, सरकारचं घेतलंत?"

"घेतलं की. पुरात घ्यायचं. उन्हाळ्यात न्हाई."

रस्त्याच्या बाबतीत मात्र त्यांचं सरकारशी हाडवैर होतं, कारण तो रस्ताच नव्हता. गुऱ्हाळापर्यंतच्या तुकड्यात खड्ड्यांची एकमेकांशी ओळख झालेली. एकदा तपासणीला आलेली सरकारी जीप त्यात अडकली. चाचांनी उसाच्या गाडीचे बैल सोडून आणले, जीप ओढून काढली, साहेबांच्या बुटांवरचा चिखल पुसायला पोतं दिलं आणि म्हणाले, "वजनकाटा तपासाय येतासा, धूर तपासाय येतासा. एकदा हितं ह्यो खड्डाच तपासाय म्हनून या की."

त्यांचे जावई तलाठी होते, हा आमचा आवडता विषय. ईदला ते जेवायला आले की चाचा बिर्याणी वाढता वाढता विचारायचे, "जावईबापू, आज तुमची कचेरी बंद. गावात काय बिघाड झालाय का? मला तर काय दिसंना." जावई शांतपणे रायतं मागायचे. सवय झाली होती त्यांना.

आता हवालदारांविषयी सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट पुढे जात नाही.

हवालदार सैन्यातून निवृत्त होऊन गावी आले आणि रस्त्याच्या पलीकडे, चाचांच्या अगदी समोर, त्यांनी नवं गुऱ्हाळ टाकलं. पत्र्याची उंच शेड, मोटारीवरचा घाणा, स्टीलचे चकचकीत साचे. चाचांच्या काहिलीतून एक आधण उतरेपर्यंत, म्हणजे एका कढईचा गूळ होईपर्यंत, हवालदारांची दुसरी कढई अर्धी आटलेली असायची. कारखान्याची तोड, म्हणजे ऊस तोडणारी टोळी, वेळेवर आली नाही की शेतकरी घाईनं ऊस गुऱ्हाळाला आणतो. घाईतला माणूस भरभर होणाऱ्या ठिकाणी जातो. पहिल्या हंगामात चाचांच्या अंगणातल्या गाड्या कमी झाल्या. दुसऱ्या हंगामात त्या मोजायची गरज उरली नाही.

चाचा हवालदारांशी बोलायचे, पण थोडकं. "काय हवालदार, धूर सरळ चाललाय न्हवं?" "व्हय चाचा, सरळ." एवढंच.

आणि नेमका तेव्हाच सरकारचा मसुदा आला. गुऱ्हाळाला परवाना लागणार. दोन गुऱ्हाळांत ठरावीक अंतर राखावं लागणार. अंतर कमी भरलं तर जुनं चालू राहणार, नवं बंद होणार. लोकांच्या हरकती-सूचना मागवल्या होत्या आणि सांगलीला सुनावणी होती.

मी त्या आठवड्यात झोपलेच नाही म्हटलं तरी चालेल. ज्या गुळाला कुणी अनुदान दिलं नाही, ज्याच्यासाठी कुणी पॅकेज जाहीर केलं नाही, तो आपल्या पायावर उभा आहे हेच सरकारला बघवत नव्हतं, असं मी लिहिलं आणि आजही ते मला चूक वाटत नाही. गुऱ्हाळवाल्यांची संघटना पेटून उठली. परवाना नको, अंतर नको, काही नको.

चार दिवसांत सूर बदलला. संघटनेतले बहुतेक जण जुने होते. प्रत्येकाच्या आसपास कुणीतरी नवा आला होता. अध्यक्षांच्या लक्षात आलं, की मसुद्यातलं हे एक कलम आपल्या फायद्याचं आहे. मग भाषा आली, "परवाना नको, पण अंतर ठेवायला काय हरकत आहे?"

बैठक चाचांच्या अंगणात ठरली. आमच्याकडे एक अलिखित रीत आहे. ज्याच्या अंगणात बैठक, ज्याचा रस सगळे प्यायले, ठरावाचा सूचक तोच. त्याला वेगळं विचारत नाहीत. विचारणं म्हणजे त्याच्या पाहुणचारावर शंका घेतल्यासारखं. त्या दिवशी चाचांची काहील उतरायला आली होती. त्या वेळी कढईपासून हलता येत नाही, घटकाभर उशीर झाला की सगळं आधण करपतं. ते धुरात उभे होते आणि इकडे अध्यक्ष ठराव सांगत होते.

मी उठून विरोध केला. अध्यक्ष म्हणाले, "ताई, तुमी पत्रकं लिवा. गुऱ्हाळं आमी चालवतो." टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी ठरावाच्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढला आणि तिथूनच कचेरीला पाठवून दिला.

चाचा हात पुसत आले तेव्हा लोक चपला घालत होते. मी त्यांना काय झालं ते सांगितलं.

"सूचक मी?"

"हो."

"मी तर काहिलीजवळ हुतो."

"अंगण तुमचं होतं."

त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि रिकाम्या तांब्यांच्या रांगेकडे बघत राहिले. निघून गेलेल्या अध्यक्षांना तिथल्या तिथं फोन लावला. अध्यक्ष गोड बोलले. आता कागद गेला, काय सांगायचं ते सुनावणीत सांगा म्हणाले. मग हसून पुढे म्हणाले, "आनि चाचा, तुमचंच भलं हाय यात. गप बसायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार रस्ता ओलांडून आले.

मी तिथेच होते. ते बाजेवर बसले नाहीत. चाचांनी रसाचा तांब्या पुढे केला, तो घेतला नाही. गुऱ्हाळावर आलेल्या माणसानं रस नाकारला, हे मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. चुलवाणात चिपाडं टाकणारा गडी हातातली मोळी तशीच धरून उभा राहिला.

"चाचा, माज्या तोंडावर सांगायचं हुतं. मागनं कशाला?"

"रस घे आदी."

"रस नगं. बावीस वर्सं सरहद्दीवर काढली. दुश्मनबी म्होरनं येतो."

"ठराव माजा न्हाई."

"नाव तुमचं हाय."

"नाव माजं हाय. ठराव माजा न्हाई."

हवालदार एक पाऊल पुढे आले. उंच माणूस, मिशा पिळदार, कानशिलावरची शीर उडताना दिसत होती. "मग सायबाम्होरं सांगशीला का हे? सगळ्यांच्या देखत?"

चाचा लगेच बोलले नाहीत.

त्या शांततेविषयी मी नंतर पुष्कळ विचार केला. त्यांच्या मागे ते अंगण होतं, जिथे कधी काळी बैलगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत जायची आणि आता दोन गाड्या उभ्या होत्या. समोर हा माणूस होता, ज्याच्यामुळे ते अंगण ओस पडलं. सुनावणीत फक्त गप्प बसायचं होतं. खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती. गप्प बसलं की समोरची शेड बंद आणि अंगण परत भरलेलं. बाकी कुणी नाही, आपलं सरकारच ते करून देणार होतं, फुकट.

"सांगीन," चाचा म्हणाले.

"बगू," हवालदार म्हणाले आणि आल्या वाटेनं गेले. तांब्यातला रस चाचांनी झाडाच्या बुंध्याशी ओतला. तो दुसऱ्या कुणाला दिला नाही.

सुनावणीआधीचे ते दिवस वाईट गेले. एका संध्याकाळी अध्यक्ष दोघांना घेऊन आले आणि बाजेवर ऐसपैस बसले. "चाचा, एक सरळ इचारतो. तुमी उद्या उलटं बोललासा, तर सौद्यात तुमचा गूळ उचलनार कोन? अडते काय तुमचे पाव्हणे हाईत? आमच्या शब्दाव उचलत्यात."

चाचांनी त्यांनाही रस दिला. "ही धमकी हाय का सल्ला?"

"दोस्ती हाय."

"मग तांब्या रिकामा करा. दोस्तीत रस शिल्लक ठिवत न्हाईत."

बाहेर वेगळीच कुजबुज चालू होती. पानटपरीवर, सलूनमध्ये, संघटनेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. चाचा फौजी माणसाच्या विरोधात बोलायला घाबरतात. त्यांच्या समाजाची चार घरं, गावात राहायचंय, ते कशाला वाकडं घेतील. हे बोलणारे लोक चाचांचेच रोजचे लोक होते. मी ऐकलं आणि डोकं फिरलं. तशीच चाचांकडे गेले. म्हटलं, "मी पत्रक काढते. नावं घेऊन काढते."

ते काहिलीच्या कडेला पाणी शिंपडत होते. "काय लिवशील?"

"की तुम्ही भ्यालेला नाही. तुम्ही तत्त्वासाठी..."

"आगं, भ्यालोय की मी."

मी मटकन बाजेवर बसले.

"पर हवालदाराला न्हाई. सायबाच्या हातात आज मी दांडकं दिलं, ह्याचं गुऱ्हाळ मोड म्हनून. त्यानं मोडलं. मग ते दांडकं सायेब मला परत आनून देनार हाय व्हय? त्याच्याच हातात ऱ्हानार. उद्या त्याला माजी चूल दिसंल, परवा माजं अंगन. माज्यावर दांडकं फिराय तर कारनबी लागत न्हाई, पोरी." शेवटचं वाक्य ते माझ्याकडे न बघता बोलले. "तवा मला भित्रा म्हनू देत. पत्रक काडू नगंस."

मी काढलं नाही. आयुष्यात न काढलेलं ते माझं एकच पत्रक.

चाची मात्र भित्र्या नव्हत्या आणि तत्त्वाच्याही नव्हत्या. सुनावणीच्या सकाळी त्यांनी चाचांना डबा दिला आणि दारातच सुनावलं, "रस्ता, कोर्ट नि होडी. आनि चुलीवर काय ठिवू मी? होडी?"

चाचांनी टोपी नीट केली. "तू सरकारपेक्षा लय सवाल इचारतीस."

"सरकारला तुमच्यासंगं ऱ्हावं लागत न्हाई."

आम्ही इस्लामपूरहून एसटीनं सांगलीला गेलो. चाचा खिडकीशी बसले. बाहेर दोन्ही बाजूंना ऊस. सगळ्या वाटेत फक्त एकदा म्हणाले, "गूळ हुईल का साखर, हे उसाला कोन इचारत न्हाई." मी वहीत लिहायला गेले तर म्हणाले, "ठेव ते. उगं बोललो."

सुनावणीच्या खोलीत पंखे होते, गर्दी होती आणि खुर्च्या कमी होत्या. एका भिंतीला अध्यक्ष आणि संघटनेचे लोक. दुसऱ्या भिंतीला हवालदार, एकटे, हाताची घडी घालून, लष्करी ताठ. चाचा मध्ये उभे राहिले, कारण दोन्ही बाजूंनी कुणी सरकून जागा केली नाही.

अधिकारी बाई होत्या, वयानं माझ्याहून थोड्याच मोठ्या. चेहरा दमलेला. त्यांनी नाव पुकारलं. "अंतराचा नियम लागू करावा, असा तुमच्या तालुक्याचा ठराव आहे. सूचक तुम्ही. सर्वांत जवळचं नवं गुऱ्हाळ तुमच्या समोरच आहे, म्हणजे प्रत्यक्ष बाधित तुम्हीच. बरोबर?"

"बाधित म्हंजे?"

"नुकसान झालेले."

"ते झालंय. खोटं का बोला."

संघटनेच्या भिंतीला हायसं वाटलेलं दिसलं. हवालदारांच्या घडीतले हात आवळले.

"पर ठराव माजा न्हाई," चाचा म्हणाले. "अंगन माजं हुतं. रस माजा हुता. ठराव ह्यांचा. मला नियम नगं."

"मागे घेताय?"

"दिलाच न्हवता."

अध्यक्ष काहीतरी बोलायला पुढे झाले, बाईंनी हातानं थांबवलं. त्या चाचांकडे जरा वाकून बघू लागल्या. "चाचा, तुम्ही समजून बोलताय ना? नियम झाला तर समोरचं बंद होईल आणि तुमचं वाचेल. नाही झाला, तर तुमचं टिकेल असं वाटतंय का तुम्हाला?"

"न्हाई वाटत."

"मग?"

"बाईसाहेब, त्यानं माजं गिऱ्हाईक नेलं. चोरलं न्हाई. त्येचा घाना माज्यापरीस जोरात पळतो. आता तुमी त्येचा घाना बंद कराल, पर माजा काय त्येनं जोरात पळनार न्हाई. मधल्यामधी शेतकऱ्याचा ऊस वाळंल."

बाईंनी पेनचं टोपण काढलं.

"सरकारनं तुम्हाला वाचवू नये, असं म्हणताय."

"पुरात वाचवलंसा की. ते इसरलो न्हाई. ह्यात नगं."

बाईंनी बराच वेळ पेन उघडंच धरलं. मग लिहिलं. बाधित व्यक्तीचीच तक्रार नाही म्हटल्यावर आमच्या तालुक्याच्या मागणीत जीव उरला नाही. पुढे तो सगळा मसुदाच थंड पडला. तो माझ्या पत्रकांनी पडला असं म्हणायला मला आवडेल, पण मी त्या खोलीत होते.

बाहेर जिन्यावर अध्यक्ष जवळून गेले आणि थांबले. "तुमी तुमच्या हातानं चूल इझवलीसा, चाचा." चाचा म्हणाले, "माजी हुती. मीच इझवनार." हवालदार आमच्या मागे पाच-सहा पायऱ्यांवर होते. आभार मानायची त्यांना सवय नसावी, आणि चाचांनी मागे वळूनही बघितलं नाही.

पुढचं मी थोडक्यात सांगते, कारण ते थोडक्यातच झालं. चाचांना ग्रुपमधून काढलं. सौद्यात त्यांच्या गुळाच्या ढेपा तशाच राहू लागल्या. बघून, हात लावून, अडते पुढे जायचे. पुढच्या हंगामात त्यांनी चूल पेटवली आणि आठवड्याभरात विझवली. काहील धुऊन, घासून, अंगणात पालथी घातली. चाचींच्या कोंबड्या तिच्या सावलीला बसू लागल्या. मी ते बघून रडवेली झाले, तर चाचा म्हणाले, "बग, कोंबड्यांनी परवाना काडला न्हाई."

मला हसू आलं नाही. मी तेव्हा विचारलं ते अजून आठवतं: "चाचा, पश्चात्ताप होत नाही?" "रोज सकाळी हुतो," म्हणाले. "चा पिऊस्तवर."

आपण ज्या विचारासाठी भांडतो, त्याची किंमत दुसऱ्यानं भरलेली बघणं सोपं नसतं. मी तरीही तो विचार सोडलेला नाही. उलट त्या अंगणात उभं राहून तो मला पहिल्यांदा खरा वाटला. पत्रकात त्याला वजन नव्हतं.

मग तिसरं गुऱ्हाळ आलं.

मलकापूरचे दोघे भाऊ, तरुण, शिकलेले. हवालदारांच्या शेडच्या लगत जागा भाड्यानं घेतली आणि गुळाची पावडर, छोट्या वड्या, पाकिटं, ऑनलाइन विक्री सुरू केली. रस्त्यावरच्या गाड्या हवालदारांचं अंगण ओलांडून पुढे जाऊ लागल्या.

चाचा तेव्हा आजारी होते. छातीत धूर साठला असं ते म्हणायचे. अंगणात बाजेवर पडून असायचे. मी शेजारी पेपर वाचून दाखवत होते आणि हवालदार आले. ह्या वेळी बसले. बाजेच्या पायथ्याशी, अवघडून.

"चाचा, ती पोरं उभ्या बाजाराला बिघडवाय लागल्यात."

"व्हय?"

"कचेरीत तुमच्या नावाची जुनी नोंद हाय अजून, बाधित म्हनून. तुमी तक्रार टाकलीसा, की ह्यांच्या धुराचा तरास हुतो... तुमी आजारी हाय, सायेब आईकतील."

मी पेपर खाली ठेवला. मला त्या माणसाच्या अंगावर ओरडायचं होतं. चाचांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. त्या हातात आता काही जोर नव्हता, तरी मी गप्प राहिले.

"त्यांचा गूळ चाकलास?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"चाकून ये."

हवालदारांचा चेहरा लाल झाला. ते उठून गेले. मला वाटलं, संपलं. पण काही दिवसांनी परत आले, बाजेजवळ उभे राहिले आणि कडू औषध गिळल्यासारखं म्हणाले, "चांगला हाय."

"मग तू त्याच्यापरीस चांगला कर."

"आनि न्हाई जमलं तर?"

चाचा थोडे सरकले. बाजेच्या कडेला हात थोपटला. "बाज मोठी हाय. दोघं बसू."

हवालदार हसले नाहीत. ते चाचांच्या सरकलेल्या जागेवर बसले आणि बराच वेळ दोघंही रस्त्याकडे बघत राहिले. तक्रार झाली नाही. नंतर हवालदार दुपारी रोज तिथे येऊन बसू लागले. काय बोलायचे देव जाणे. मी गेले की दोघंही गप्प व्हायचे.

चाचा गेले तेव्हा हंगाम भरात होता. मी पोचले तोवर अंगण माणसांनी भरलेलं. संघटनेचे लोक होते, अध्यक्षही एका बाजूला होते. जनाजा उचलला तेव्हा पुढच्या खांद्यांपैकी एक हवालदारांचा होता. रस्त्यापलीकडे त्यांच्या शेडमधून धूर येत नव्हता. कढईत अर्धा आटलेला रस असताना त्यांनी चुलवाणातला जाळ ओढून काढला होता, असं त्यांचा गडी सांगत होता.

त्याच्या शेजारी, त्या दोघा भावांच्या धुराड्यातून मात्र धूर निघतच होता. घाणा फिरत होता, त्याचा आवाज इथवर येत होता. ती पोरं नवीन होती. त्यांना चाचा म्हणजे रस्त्यापलीकडे बाजेवर पडलेला एक म्हातारा, एवढंच माहीत असणार.

पुरुष कब्रस्तानाकडे गेले आणि आम्ही बायका अंगणात राहिलो. मला तो आवाज सहन होईना. मी चपला घातल्या.

"कुटं निगालीस?" चाचींनी विचारलं. त्या बाजेशेजारी जमिनीवर बसल्या होत्या.

"त्यांना सांगून येते. निदान आजच्या दिवस तरी."

"नगं सांगूस."

"पण चाची..."

"त्यांची काहील चुलीवर हाय. आदन करपंल." त्यांनी पदरानं डोळे पुसले, समोरच्या विझलेल्या शेडकडे पाहिलं आणि आवाजात जरा राग आणला. "हवालदारानंबी उगं केलं. समदा रस आंबला असंल त्येचा. त्येला म्हनावं, मानूस गेलाय, ऊस कुटं गेलाय."

मी चपला काढल्या आणि त्यांच्याजवळ बसले. समोर त्या पोरांचा धूर सरळ वर जात होता. थोड्या वेळानं एक उसाची बैलगाडी आली, आमच्या दारातली गर्दी बघून थबकली, आणि गाडीवानानं टोपी काढून हातात घेत बैलांना हळूच पुढे हाकललं.